पहिली हाक

१

त्या दिवसांत कुणी "काय गो, झालं का तुझं?" असं विचारलं की मनस्विनी पिलणकरच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. आणि विचारणारे तर पावलोपावली होते. रत्नागिरीत नाचणे रस्त्यावर पिलणकरांचा तळमजल्याचा ब्लॉक. दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या सोनूबाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, की राजेंद्रची पोरगी घाटावरचं कॉलेज सोडून आली आहे आणि इथल्या कॉलेजानं तिला अजून घेतलेलं नाही. "नाही झालं अजून," म्हटलं की लोक "होईल, होईल" म्हणायचे, आणि ते तिला जास्तच झोंबायचं.

हकिगत साधी होती. बी. फार्मसीची दोन वर्षं तिनं घाटावर काढली. मग तिचे बाबा, जयगडच्या बंदरात क्रेन चालवणारा धडधाकट माणूस, एका सकाळी आंघोळीला गेले आणि मोरीतच कोसळले. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आई एकटीच त्यांना उठवायची, बसवायची, कूस बदलायची, आणि त्यात तिच्या कमरेची वाट लागली. तेव्हा मनस्विनीनं ठरवलं, की तिसरं वर्ष घरी राहून रत्नागिरीतच करायचं. कोर्स तोच, पुस्तकं तीच, आणि इथं एक जागा रिकामीही होती. यात अडण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण दाखला आणल्याशिवाय इथले अर्ज घेईनात, म्हणून तिनं तिकडून दाखला काढला. आणि अर्ज घेतल्यावर इथले म्हणाले, आता विद्यापीठ काय ते ठरवील. तिकडची जागा तर गेली. इकडची मिळाली नाही, तर पुढं कुठं उभं राहायचं ते सांगायला कुणीच तयार नव्हतं.

रोज सकाळी बाबांना चहा पाजून झाला की ती मोबाईलवर अर्जाचं काय झालं ते बघायची: 'विचाराधीन'. मग बसनं शहराबाहेर सड्यावर जायची, जिथं उघड्या कातळावर ते कॉलेज वाऱ्याला तोंड देत उभं होतं, आणि तिथले हेडक्लार्क चिंतामणी बेर्डे यांच्या टेबलासमोर उभी राहायची.

"फाईल वर गेलीय," बेर्डेसर म्हणायचे, आणि बोट पंख्याकडे करायचे. जणू विद्यापीठ पंख्यावरच बसलं होतं.

एक मेहेरबानी मात्र त्यांनी केली होती. "निकाल लागेपर्यंत वर्गात बसत जा. नंतर हजेरी कमी पडली म्हणून बोंब नको." म्हणून ती बसायची. बाकीच्यांना मॅडम नंबरानं पुकारायच्या. मनस्विनीला नंबरच नव्हता. त्यामुळं सगळ्यांच्या शेवटी तिचं अख्खं नाव यायचं, आणि वर्ग माना वळवून या बिननंबरीकडे बघायचा.

त्यात तिची एक सवय आड यायची. तिची आई रेणुका मूळची बुरोंडीची. त्या घरात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे. दिवस असो की तिन्हीसांज, दुसरी हाक येईपर्यंत गप्प राहायचं. "माणूस असलं तर परत हाक मारील," एवढंच आई सांगायची. का, कशासाठी, ते ना तिनं कधी सांगितलं, ना मनस्विनीनं कधी फार खोदून विचारलं. तिचा विश्वास वगैरे काही नव्हता. पण लहानपणापासून जीभच तशी वळलेली, की नाव कानावर पडलं तरी पहिल्या खेपेला आवाज बाहेर फुटतच नसे. मॅडमनी पहिल्या दिवशी तिला गैरहजर मांडलं होतं. मग त्यांनाही सवय झाली. त्या नाव पुकारायच्या, मान वर करायच्या, वैतागून पुन्हा पुकारायच्या, आणि मनस्विनी म्हणायची, "येस मॅडम."

तो दिवस सोमवार होता. मॅडमनी पुकारलं, "पिलणकर मनस्विनी राजेंद्र."

आणि मनस्विनी नेहमीसारखी थांबली असताना, तिच्या मागून कुणीतरी म्हणालं, "येस मॅडम."

मॅडमनी मानसुद्धा वर केली नाही. त्यांनी हजेरी मांडली आणि खडू उचलला.

२

"हे असले धंदे मला आवडत नाहीत हं," मनस्विनी कॅन्टीनमध्ये संस्कृतीला म्हणाली. संस्कृती सावर्ड्याची, होस्टेलवर राहणारी. वर्गात बोलण्यासारखी तेवढी एकच होती. "दांडी मारलेल्याची हजेरी दुसरे लावतात. मी समोर बसलेली असताना कसली लावतेस?"

"मी कशाला लावू? तू स्वतःच तर बोललीस."

"मी तोंड उघडलं नव्हतं."

"अगं, मी तुझ्या शेजारी होते ना! तुझाच आवाज होता. उलट मला वाटलं, बरं झालं बाई, आज पहिल्या झटक्यात बोलली."

मनस्विनीनं समोसा तसाच ठेवला. तिचा बाक शेवटून दुसरा होता. शेवटच्या बाकावर कुणी बसत नसे, कारण वरच्या स्लॅबमधून गळती होती आणि तो कायम दमट असायचा. मागं भिंत. भिंतीपलीकडं कातळ आणि वारा.

तिनं डोकं लढवलं. हॉल नवा, रिकामा, आवाज घुमणारा. स्वतःच्याच नकळत आपण ओ दिली असेल आणि तो घुमून मागून आला असेल. किंवा कुणीतरी टवाळ पोरगा आवाज काढत असेल. दुसरं कारण तिला जास्त आवडलं, कारण त्यात कुणालातरी थोबाडीत मारता आली असती.

मंगळवारी ती मुद्दाम मान तिरकी करून बसली. नाव आलं. तिनं ओठ दाताखाली घट्ट धरले.

"येस मॅडम."

मागचा बाक रिकामा होता. त्याच्या फळीवर गळतीचं पाणी पसरलं होतं, आणि त्या पाण्यात नुकतीच कुणाची तरी बाही फिरावी तसा एक पुसट पट्टा उमटला होता. मनस्विनी त्याच्याकडे बघत राहिली. तो हळूहळू पुन्हा पाण्यानं भरून गेला.

३

घरी एका बाबतीत नियम मोडलेला होता. आजारपणापासून बाबांना शब्द जुळवायला फार कष्ट पडायचे. मणाचं ओझं उचलावं तसं ते एकेक अक्षर उचलायचे. "म... नू" एवढं बोलून झालं की त्यांच्या अंगात दुसऱ्या हाकेचं त्राण उरत नसे. म्हणून त्यांच्या हाकेला आई आणि मनस्विनी दोघीही लगेच धावायच्या. त्यावर घरात कधी चर्चा झाली नव्हती.

त्या आठवड्यात, दुपारी, आई बाजारात गेली होती. मनस्विनी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"म... नू."

ती उठली. हातातला टॉवेल खाली ठेवण्याएवढाच काय तो वेळ गेला.

"ओ बाबा, आले," मागीलदारच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं.

आवाज तिचा होता. तिच्यापेक्षा जरा मऊ, न दमलेल्या मुलीचा. मग पावलं ऐकू आली, अनवाणी, फरशीवर चिकटत उचलणारी. स्वयंपाकघरातून ती पुढच्या खोलीत गेली. फुलपात्राचा आवाज झाला, पाणी ओतल्याचा आवाज झाला.

 भीती तर वाटलीच, खोटं कशाला बोला. पण भीतीच्या आधी जे उसळलं तो संताप होता. माझ्या बाबांना ओ द्यायची हिंमत कुणाची? ती धावत पुढं आली.

खोलीत बाबांशिवाय कुणी नव्हतं. ते उशीला टेकून बसले होते, ताठ, तिला कधीच जमलं नव्हतं इतके नीट बसवलेले. हनुवटीवरचं पाणी पुसलेलं होतं. मागचं दार सताड उघडं होतं आणि त्याच्या पडद्याची सळसळ अजून थांबली नव्हती. बाबा तिच्याकडे बघत होते, मग पडद्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. जीभ टाळ्याला लागली, सुटली, लागली.

"दो..." एवढंच त्यांच्या तोंडून आलं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

४

आई आल्यावर मनस्विनीनं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं आई झटकून टाकील, नाहीतर घाबरून आरडाओरडा करील. आईनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. तिनं पिशवीतले बांगडे ओट्यावर काढले, पंचा भिजवला, आणि उशीचा अभ्रा बदलायला घेतला, जणू बाहेरच्या कुणाचा हात लागला होता.

"वर्गातपण होतंय?" तिनं विचारलं.

"होतंय."

"मग होऊं दे. तिला ओ देऊं दे. तू आपली थांबायचंस. दुसऱ्या हाकेपर्यंत थांबायचंस, गो बाय."

"दुसरी हाक येतच नाही ना आता! ती बोलली की मॅडमचं काम झालं. मी बसलेय काय आणि नाही काय, कुणाला फरक पडतो?" मनस्विनीचा आवाज चढला. "नाव माझं. वर्षं माझी. बेर्डेसरांच्या पायऱ्या मी झिजवल्या. आणि ओ दुसरीच देणार, आणि मी गप्प बसून ऐकायचं? कुठल्या जगातला न्याय हा?"

"न्यायाचं मला ठाऊक नाय. मी सांगतंय तेवढं कर."

"का ते सांग."

"मला तरी कोणी सांगितलंन?" आईच्या हातातला अभ्रा खाली पडला. "माझ्या आयेन सांगितलंन, मी ऐकलंय. माणूस असलं तर परत हाक मारता. जो एकदाच मारून गप होतो, त्याला ओ नाय द्यायची. झालं."

"बाबा एकदाच हाक मारतात," मनस्विनी म्हणाली. "मग बाबा माणूस नाहीत?"

हे बोलायला नको होतं.  आई बाबांच्या पायाशी जाऊन बसली आणि त्यांचे तळवे चोळत राहिली. मनस्विनीला वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकं नाही. सगळं जग आपल्याला थांब म्हणतंय, विद्यापीठ थांब म्हणतंय, बेर्डेसर थांब म्हणतायत, आणि आता घरातलीही तीच भाषा, हे तिला सहन होईना.

५

पुढच्या खेपेला बेर्डेसर तिला बघून चक्क हसले. गेल्या सबंध काळात हे घडलं नव्हतं.

"ये, ये. आलं बरं का तुझं काम मार्गी. समिती इथंच येतेय, पुढच्या शुक्रवारी. जागा एक, उमेदवार चार. एकेकाला आत बोलावतील, जुजबी प्रश्न विचारतील, तिथल्या तिथं निर्णय. आता कालच्यासारखं बोल म्हणजे झालं."

"कालच्यासारखं म्हणजे?"

"काल आलीस, किती गोड बोललीस! माझ्या मुलीची चौकशी केलीस, जाताना नमस्कार केलास. मी घरी सांगितलंसुद्धा, की पोरगी वाटते तशी तुसडी नाही." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. "आज काय पुन्हा कपाळाला आठ्या?"

काल मनस्विनी दिवसभर बाबांना घेऊन सिव्हिल हॉस्पिटलात व्यायामाच्या खोलीबाहेर बसली होती. ती तसं सांगणार होती. पण सांगून काय होणार होतं? बेर्डेसरांनी पंख्याकडे बोट केलं असतं.

"ऐक," ते म्हणाले, "शुक्रवारी नाव एकदाच पुकारणार. समितीला घाई असते. ओ आली नाही, तर गैरहजर समजून पुढचं नाव. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

ती बाहेर आली. सड्यावर ऊन रणरणत होतं. तिला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल, तर तो त्या गोडपणाचा. इतके दिवस खेटे घालून, गयावया करून, तिला या माणसानं खुर्चीवर बस म्हटलं नव्हतं. आणि ती दुसरी येते काय, चार शब्द बोलते काय, आणि फाईल वरून खाली उतरते. म्हणजे जागा मिळणार ती कुणाला?

त्याच क्षणी तिनं ठरवलं. थांबणं पुरे झालं.

६

जिभेची सवय मोडायला वेळ लागला. ती बसस्टॉपवर, जिन्यात, मोरीत स्वतःच स्वतःचं नाव घ्यायची आणि त्याच दमात ओ द्यायची. पहिल्यांदा घसा आवळला जायचा. मग सैल पडत गेला.

बुधवारी मॅडमनी "पिलणकर" म्हणताच ती कडाडली, "येस मॅडम!" वर्ग हसला. मॅडमनीही भुवया उंचावल्या. मागून काहीही आलं नाही. ती इतकी खूश झाली, की कॅन्टीनमध्ये तिनं संस्कृतीला भजी खाऊ घातली. इतकं सोपं होतं तर! आपलं नाव आपण आधी उचललं की झालं. इतकी वर्षं उगाच आईच्या खुळापायी शाळेपासून बोलणी खाल्ली.

घरीही ती तशीच वागायला लागली. सोनूबाईंनी जिन्यातून हाक मारली, तर ही आधीच "ओ!" आई दचकून तिच्याकडे बघायची. एकदा आईनं स्वयंपाकघरातून "मनू" म्हटलं आणि मनस्विनीनं "ओ" म्हणताच आई दारात येऊन म्हणाली, "मी नाय हाक मारली."

"मारलीस. मी ऐकली."

आईनं हातातली पळी बाजूला ठेवली. "मनू, नको गो असं करू. माझी शपथ हाय तुला."

"शुक्रवार होऊ दे," मनस्विनी म्हणाली. "मग बघू."

गुरुवारी प्रॅक्टिकल होतं. प्रयोगशाळेत काचेची मोठी कपाटं आहेत, भिंतभर. ती ब्युरेट भरत उभी होती आणि मॅडम दारातून हजेरी घेत होत्या. समोरच्या काचेत तिला ती स्वतः दिसत होती, पांढऱ्या कोटातली. तिच्या खांद्यामागं, टेबलाच्या टोकाला, आणखी एक पांढरा कोट होता. मान खाली, केस पुढं आलेले, चेहरा दिसत नव्हता. पण ओठ दिसत होते. ते मिटलेले होते. बोलायच्या तयारीत ते नव्हतेच. नाव पुकारलं गेलं, मनस्विनीनं घाईघाईनं ओ दिली, तरी ते हलले नाहीत. फक्त त्यांच्या कडा वर गेल्या.

ती वळली. टेबलाच्या टोकाला संस्कृतीची बॅग होती. आपल्याला आधी बोलायला लागावं, हेच तर कुणाला हवं नसेल, असा एक विचार तिच्या मनात आला. पण ब्युरेट ओसंडून वाहायला लागली होती, मॅडम ओरडल्या, आणि तो विचार तिथंच राहिला.

७

शुक्रवारी आई बरोबर आली. बाबांपाशी सोनूबाई बसल्या. निघताना बाबांनी मनस्विनीचा हात डाव्या हातात असा काही धरला, की तो सोडवून घ्यायला तिला जोर करावा लागला.

पहिल्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात उमेदवार आणि त्यांचे आईबाप ओळीनं बाकांवर बसले होते. समोर समितीचं बंद दार. व्हरांड्याच्या एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला एक अंधारी वळणाची जागा, जिथं मोडके स्टूल रचून ठेवले होते. वारा बाहेरच्या पत्र्यांवर आपटत होता. आईनं तिची ओढणी नीट केली.  नाव एकदाच पुकारणार. एकदाच. ती कानात प्राण आणून बसली होती.

एक मुलगा आत गेला, बाहेर आला. एक मुलगी आत गेली.

"पिलणकर मनस्विनी राजेंद्र!"

"येस सर!"

ती ताडकन उभी राहिली. हाक व्हरांड्याच्या टोकाकडून आली होती, म्हणून तिकडंच चालायलाही लागली. बाकावरच्या कुणीही मान वळवली नाही. मग तिला दिसलं, की समितीचं दार बंदच आहे. आधी गेलेली मुलगी अजून आत होती. बेर्डेसर कुठंही नव्हते. समोर फक्त मोडके स्टूल होते.

आणि ती हाक पुरुषाच्या आवाजात नव्हती. ती तिच्याच आवाजात होती.

"मनू," तिच्या पाठीमागं आई दबक्या आवाजात म्हणाली, "कोणी हाक नाय मारली. बस खाली."

"बसले गो, आई."

मनस्विनी गर्रकन फिरली. आई बाकावर होती. आईच्या शेजारी, जिथून मनस्विनी आत्ता उठली होती तिथं, तिची ओढणी घेऊन एक मुलगी बसली होती. पाठ इकडं, वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "घाबरलीस होय?" असं आई तिला विचारत होती.

दार उघडलं. आधीची उमेदवार निघून गेली आणि बेर्डेसरांनी मान बाहेर काढली. "पिलणकर मनस्विनी राजेंद्र."

मनस्विनीनं तोंड उघडलं. छातीतून हवा निघाली, घशाशी आली आणि तशीच निघून गेली.

"येस सर," ती मुलगी मऊ आवाजात म्हणाली, आणि उठली. बेर्डेसर हसले. आईलाही त्यांनी हातानं आत बोलावलं.

८

दार मिटलं तेव्हा मनस्विनी त्याच्यापर्यंत पोचली होती. तिनं त्यावर थाप मारली, मग मूठ मारली. आतलं बोलणं चालूच राहिलं. दोन्ही वर्षांचे मार्क, बाबांचं आजारपण, आईची कंबर, सगळं तो आवाज नीट, न अडखळता, कुणाचंही मन दुखावणार नाही असं सांगत होता. मनस्विनीनं हेच सगळं किती जणांना, किती वेळा सांगितलं होतं! कुणी तिला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. आत कुणीतरी "शाब्बास" म्हणालं. बाकावरच्या एका बाईनं दारात उभ्या असलेल्या मनस्विनीच्या आरपार बघत नवऱ्याला सांगितलं, "तिचंच झालं वाटतं."

तिला रडू आलं नाही. असला उघड दरोडा, भर दिवसा, इतक्या माणसांदेखत, आणि एकही माईचा लाल हू की चू करत नाही! जागा तिची होती. ओढणी तिची होती. त्या पाठीवरचा तो हात तिचा होता.

दार उघडलं. आई बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती आणि हसत होती. आजारपण आल्यापासून आई अशी हसली नव्हती. ती मुलगी तिच्या पलीकडच्या बाजूनं चालत होती. दोघी मनस्विनीच्या अंगाला लागून गेल्या आणि जिन्याकडे वळल्या. आईच्या पदराला लागलेला बाबांच्या तेलाचा वास तिला आला.

मग मनस्विनीनं उरलासुरला सगळा राग, सगळा श्वास एकवटला. घसा मोकळा झाला.

"आई!"

हाक स्वच्छ निघाली. सगळा व्हरांडा घुमला. आईनं ती ऐकली, यात काही शंकाच नव्हती. ती जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थबकली. तिची मान ताठ झाली. पण तिनं वळून बघितलं नाही. तिनं शेजारच्या मुलीचं कोपर घट्ट धरलं.

"वळू नको," आई हलकेच म्हणाली. "थांब जरा."

आणि ती थांबली. पाठ करून, कान देऊन, जन्मभर थांबत आली तशी. आई दुसऱ्या हाकेला ओ देणार होती. अजून एकच हाक, बस्स. मनस्विनीनं तोंड उघडलं. तिनं जबडा दुखेपर्यंत तोंड उघडलं, मुठी आवळल्या, पाय आपटले. पत्र्यावर वारा वाजत होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी शिपायाला चहा सांगत होतं.

आई बराच वेळ थांबली. कुणाही माणसाला पुरेल इतका वेळ ती थांबली.

"कोण नाय," ती शेवटी म्हणाली, आणि तिनं मुलीचं कोपर सोडून तिचा हात हातात घेतला. "चल, बाबा वाट बघत असतील."

दोघी जिना उतरून गेल्या.